घरच्या अंजिराची सुकवणी : फळ चिरा, वजन करा, मगच डबा भरा

कोल्हापूर जिल्ह्यात अंजिराची सलग बाग क्वचितच दिसते. परंतु विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर किंवा परसबागेत अंजिराची एक-दोन झाडे बऱ्याच घरी असतात. उन्हाळ्यात ही झाडे पिकू लागली, की फळे एकदम हाती येतात. पिकलेले अंजीर साध्या तापमानाला एक-दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. चार फळे घरात खाल्ली जातात, चार शेजारी दिली जातात आणि उरलेली पक्ष्यांनी टोचून किंवा झाडाखाली पडून वाया जातात. अशी जादा फळे घरच्या घरी सुकवून ठेवता येतात. मात्र सुकवणी अर्धवट झाली तर असे अंजीर टाकलेलेच बरे, कारण त्यात वाढणारी बुरशी आरोग्याला घातक असते आणि ती वरून दिसेलच असे नाही. म्हणून या लेखात सुकवणीच्या पद्धतीबरोबरच फळ पुरेसे वाळले की नाही हे घरच्या तराजूवर कसे ठरवावे, याची माहिती दिली आहे.

आपले अंजीर आणि बाजारातील सुके अंजीर

महाराष्ट्रात प्रामुख्याने ‘पूना अंजीर’ या जातीची लागवड होते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका या फळासाठी प्रसिद्ध असून पुरंदर अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. याच तालुक्यातील जाधववाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. पूना अंजीर मुख्यतः ताजे खाण्याचे फळ आहे. त्याची साल पातळ व गर रसाळ असतो.

दुकानात दोऱ्यात ओवलेले जे सुके अंजीर मिळते, ते बहुतांशी अफगाणिस्तानातून येते. तुर्कस्तानातील आयदिन व इझमीर भागात सुकवणीसाठी स्मिर्ना प्रकारचे अंजीर घेतात. या जातीत एका सूक्ष्म माशीमार्फत परागीभवन झाल्याशिवाय फळ धरत नाही. तेथील उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे फळे झाडावरच निम्मीअधिक वाळतात, आपोआप गळतात व नंतर उन्हात पसरून पूर्ण वाळवली जातात. आपल्या पूना अंजिराला माशीची गरज नसते, पण ते झाडावर वाळण्यापूर्वीच फुटते किंवा आंबते. त्यामुळे तिकडील पद्धत जशीच्या तशी येथे चालत नाही. घरचे सुके अंजीर आकाराने लहान व रंगाने काळपट-तपकिरी होते. हा दोष नव्हे.

अंजीर आतून का खराब होते?

अंजीर म्हणजे आतल्या बाजूला फुले असलेली एक पोकळ पिशवीच होय. देठाच्या विरुद्ध टोकाला तिला बारीक छिद्र असते, त्यास डोळा म्हणतात. फळ पिकताना हा डोळा उघडतो व त्यातून चिलटे आणि बारीक भुंगेरे आत शिरतात. त्यांच्या अंगावरून यीस्ट व बुरशीचे बीजाणू पोकळीत जातात. तेथे साखर आहे, ओल आहे आणि ऊन पोहोचत नाही. साहजिकच अख्खे फळ बाहेरून सुरकुतले तरी आत ओल राहते व फळ आंबते.

उंबर फोडून केंबरे उडवू नयेत असे आपण म्हणतो. अंजीर हे उंबराचेच भावंड, पण सुकवणी करताना ते फोडून पाहण्यातच शहाणपण आहे. कोल्हापूरच्या हवेत अंजीर अख्खे न वाळवता उभे चिरून दोन फोडी करून वाळवावे. त्यामुळे वाळण्याचा काळ निम्म्यावर येतो आणि आतून खराब असलेले फळ आरंभीच बाजूला काढता येते.

कोणता हंगाम साधावा?

पावसाळ्यातील खट्टा बहाराची फळे आंबूस व पाणीदार असतात. त्या दिवसांत ऊनही नसते. सुकवणीसाठी मीठा बहाराची, म्हणजे साधारणपणे मार्च ते मे या काळात पिकणारी फळेच घ्यावीत. आपल्या जिल्ह्यात पावसाचे मान फार वेगवेगळे आहे. गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर शिरोळ भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तरीही वळवाचा पाऊस सगळीकडेच दुपारनंतर अचानक गाठतो. उघड्या उन्हातील सुकवणीसाठी मार्च महिना व एप्रिलचा पहिला पंधरवडा सर्वात भरवशाचा समजावा. त्यानंतरच्या फळांसाठी सौर वाळवण पेटी हाताशी असावी.

फळांची काढणी व निवड

१. अंजीर काढल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. म्हणून फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. पिकलेले फळ मऊ पडते, मानेत वाकून खाली लोंबते आणि सालीवर बारीक चिरा दिसू लागतात.

२. काढणी सकाळी दव सुकल्यावर देठासह करावी. देठातून येणाऱ्या पांढऱ्या चिकाने हाताची आग होते. हातमोजे घालावेत किंवा हाताला खोबरेल तेल लावावे.

३. फळे बुट्टीत दोन-तीन थरांपेक्षा जास्त भरू नयेत. तळाशी केळीचे पान किंवा मऊ कापड घालावे.

४. जमिनीवर पडलेली, पक्ष्यांनी टोचलेली, डोळ्यातून रस गळणारी अथवा आंबूस वास येणारी फळे सुकवणीस घेऊ नयेत. बुरशीची लागण बहुधा अशाच फळांतून सुरू होते.

५. काढलेली फळे त्याच दिवशी सुकवणीस घालावीत. उद्यावर ठेवू नयेत.

पूर्वतयारी

फळे स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवावीत. एका पातेल्यात पाणी खळखळून उकळावे. एक किलो फळांना पाच लिटर पाणी असावे, म्हणजे फळे टाकताच उकळी मोडत नाही. फळे मलमलच्या कापडात सैल बांधून अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवावीत व लगेच पिण्याच्या थंड पाण्यात धरावीत. यामुळे सालीवरील यीस्ट बऱ्याच प्रमाणात मरते आणि सालीला बारीक भेगा पडून पाणी लवकर बाहेर पडते. एक मिनिटापेक्षा जास्त वेळ ठेवल्यास फळ गळते व गोडी पाण्यात उतरते.

नंतर फळे कापडावर निथळून कोरडी करावीत. देठाचे कडक टोक काढून स्टीलच्या धारदार सुरीने देठापासून डोळ्यापर्यंत उभी चीर द्यावी. मोठ्या फळाच्या चार फोडी कराव्यात. प्रत्येक फोड उघडून पाहावी. आत काळी भुकटी, बुरशी, अळी किंवा फेस दिसला तर ते संपूर्ण फळ टाकून द्यावे. खराब भाग कापून उरलेला ठेवू नये.

तासगावच्या बेदाण्याप्रमाणे अंजीरही डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवावे काय, असा प्रश्न बेदाणा पट्ट्याच्या शेजारचे शेतकरी विचारू शकतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो सैल करण्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईल वापरतात. चिरलेल्या अंजिरात गर उघडाच असल्याने त्याची गरज नाही. तसेच गंधकाची धुरी दिल्याने रंग उजळ राहतो व किडींना आळा बसतो हे खरे असले, तरी घरच्या वापरासाठी ती टाळावी. गंधकाच्या धुराने व गंधकयुक्त फळांनी दमेकऱ्यांना त्रास होतो.

उन्हात वाळवण्याची पद्धत

१. लाकडी चौकटीवर स्वच्छ नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी ताणून बसवावी. पत्र्यावर किंवा वर्तमानपत्रावर फोडी पसरू नयेत. खालून हवा खेळली पाहिजे.

२. चौकटी जमिनीपासून किमान दोन-अडीच फूट उंच ठेवाव्यात. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. जागा गोठा, उकिरडा व रस्त्याची धूळ यांपासून दूर असावी.

३. फोडी एकमेकींना न चिकटवता एकाच थरात, साल खाली व गर वर अशा मांडाव्यात. वरून मलमलचे कापड किंवा बारीक जाळी चार बोटे उंच ताणून बांधावी.

४. फोडी सकाळीच चिरून उन्हात घालाव्यात. पहिला दिवस सर्वात महत्त्वाचा असतो. संध्याकाळपर्यंत गराचा वरचा थर कोरडा झाला, तर आंबण्याचा धोका बराच कमी होतो. संध्याकाळी चिरून रात्रभर ओल्या ठेवलेल्या फोडी हमखास आंबतात.

५. दुसऱ्या दिवसापासून फोडी दिवसातून दोन वेळा उलटाव्यात.

६. ऊन उतरताच चौकटी घरात घ्याव्यात. रात्रीच्या हवेतील ओलावा फोडी परत शोषून घेतात व दिवसभराची मेहनत फुकट जाते.

कडक उन्हात फोडी सर्वसाधारणपणे तीन ते पाच दिवसांत वाळतात. मध्येच आभाळ आले तर चौकटी घरात घेऊन पंख्याखाली ठेवाव्यात. फोडींचा ढीग करू नये आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकू नये. सलग दोन दिवस ऊन मिळाले नाही तर वाळवण पेटी किंवा ओव्हनचा आधार घ्यावा. पहिल्याच दिवशी ऊन गेले तर वाट न पाहता त्या फोडींचा जॅम करावा. आंबूस वास सुटलेल्या फोडी मात्र कशासाठीही वापरू नयेत.

सौर वाळवण पेटी

घरी लाकडी फळ्यांची पेटी करता येते. तळ व आतील बाजू काळ्या रंगाने रंगवाव्यात. तळावर पाच-सहा इंच जागा सोडून जाळीची चौकट बसवावी. वरून काच किंवा अतिनील किरणरोधक पॉलिथिन लावून झाकण दक्षिणेकडे उतरते ठेवावे. पुढील बाजूस तळाशी हवा आत येण्यासाठी व मागील बाजूस वर दमट हवा बाहेर जाण्यासाठी भोके ठेवून त्यांवर बारीक जाळी मारावी. वरची भोके बुजवली तर आत घाम धरतो व फळे शिजल्यासारखी होतात.

पेटीत थर्मामीटर ठेवावा. तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस असावे. ते ६५ अंशांच्या पुढे गेल्यास फोडीचा वरचा थर टणक होतो व आतील पाणी कोंडून राहते. अशी फोड हाताला वाळलेली लागते, पण डब्यात गेल्यावर ओलावते. विजेच्या वाळवण यंत्रातही हेच तापमान ठेवावे.

वाळले हे वजनावरून ठरवा

सुकवणीत सर्वात जास्त चुका शेवटच्या टप्प्यात होतात. फोडी हाताला कोरड्या लागल्या की त्या डब्यात भरल्या जातात. ताज्या पिकलेल्या अंजिरात साधारणपणे ८० ते ८४ टक्के पाणी असते. साठवणीसाठी ते २० टक्क्यांपर्यंत खाली आले पाहिजे. हे पाहण्यासाठी नमुना ताट ठेवावे.

जाळीचे एक लहान ताट रिकामे असताना वजन करून त्यावर वजन लिहून ठेवावे. त्यात बरोबर एक किलो चिरलेल्या फोडी पसराव्यात व हे ताट इतर चौकटींच्या मधोमध ठेवावे. रोज संध्याकाळी त्याचे वजन करून वहीत नोंद करावी. हिशेब पुढीलप्रमाणे आहे.

- फळात ८० टक्के पाणी असेल तर एक किलो फोडींत २०० ग्रॅम घन भाग असतो. पाणी २० टक्के उरल्यावर वजन २५० ग्रॅम भरते.
- फळात ८२ टक्के पाणी असेल तर घन भाग १८० ग्रॅम असतो व अखेरचे वजन २२५ ग्रॅम भरते.
- फळात ८४ टक्के पाणी असेल तर घन भाग १६० ग्रॅम असतो व अखेरचे वजन २०० ग्रॅम भरते.

आता नमुना ताटातील फोडींचे वजन ३०० ग्रॅम असतानाच सुकवणी थांबवली असे समजू. फळ गोड, म्हणजे ८० टक्के पाण्याचे असले तरी त्या ३०० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम पाणी शिल्लक आहे, म्हणजे एक-तृतीयांश भाग पाणीच आहे. फळ पाणीदार, म्हणजे ८४ टक्क्यांचे असेल तर जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे आहे. असा माल डब्यात भरणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय.

म्हणून २५० ग्रॅमच्या वर वजन असताना सुकवणी कधीही थांबवू नये. २५० ग्रॅमवर आल्यानंतर दाबून पाहण्याची परीक्षा सुरू करावी. फोड थंड होऊ द्यावी, मधोमध कापावी व दोन बोटांत दाबावी. रस सुटू नये, बोटाला ओल लागू नये आणि फोड चामड्यासारखी वाकावी, पण मोडू नये. रस सुटत असेल तर वजन २०० ग्रॅमकडे जाईपर्यंत वाळवण चालू ठेवावे. वेगवेगळ्या चौकटींतील निदान दहा फोडी अशा तपासाव्यात.

डब्यात भरण्यापूर्वी

सर्व फोडी सारख्या वाळत नाहीत. त्यामुळे थंड झालेल्या फोडी काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून झाकण घट्ट लावावे व सात ते दहा दिवस घरात ठेवावे. रोज बरणी हलवावी. या काळात जास्त वाळलेल्या फोडी कमी वाळलेल्यांमधील ओल घेतात. बरणीच्या आतल्या बाजूस पाण्याचे बारीक थेंब दिसले तर त्याच दिवशी फोडी बाहेर काढून पुन्हा वाळवाव्यात.

उन्हात वाळवलेल्या मालावर पतंगांनी घातलेली अंडी असू शकतात. ती मारण्यासाठी फोडी ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये पातळ पसरून अर्धा तास ठेवाव्यात. डीप फ्रीजरची सोय असल्यास पिशवीत बंद करून उणे १८ अंशांवर किमान दोन दिवस ठेवाव्यात.

पावसाळ्यातील साठवण

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते, की उघडा राहिलेला सुका माल पुन्हा ओला होतो. एकच मोठा डबा रोज उघडण्याऐवजी २०० ते २५० ग्रॅमच्या जाड पॉलिथिन पिशव्या हवा काढून बंद कराव्यात व त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. एक पिशवी संपल्यावरच दुसरी उघडावी. पिशवीवर सुकवणीची तारीख लिहावी. असा माल थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवून सहा महिन्यांत संपवावा. एप्रिलमधील अंजीर दिवाळीच्या फराळाला उपयोगी पडते.

साठवणीत फोडींवर कधी कधी पांढरा थर दिसतो. तो साखरेचा असेल तर कणीदार असतो व कोमट पाण्याच्या थेंबात विरघळून जातो. कापसासारखा, केसाळ किंवा हिरवा-काळा थर असेल तर ती बुरशी समजावी.

बुरशीकडे दुर्लक्ष करू नका

अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असून त्यामुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भुईमूग व मक्यातील या विषाबद्दल शेतकरी बंधूंनी ऐकले असेल. सुक्या अंजिरातही ते आढळते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत खाण्यास तयार सुक्या अंजिरासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची कमाल मर्यादा किलोमागे केवळ १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. तुर्कस्तानात निर्यातीचा माल अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तपासून चमकणारी फळे वेगळी काढतात. आपल्या घरी अशी सोय नाही, म्हणून बुरशी येऊच न देणे हाच उपाय आहे.

हे विष ऊन दाखवून, धुऊन, उकळून किंवा तळून जात नाही. बुरशी आलेली फोड व तिच्या बरणीतील माल फेकून द्यावा. तो म्हशीच्या आंबोणातही घालू नये. जनावराने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग दुधात उतरतो आणि ते दूध शेवटी घरातील मुलेच पितात. असा माल खड्ड्यात पुरावा.

पाकातील अंजीर

फळे कमी गोड असतील तर चिरलेल्या फोडी साखरेच्या पाकात मुरवून वाळवता येतात. एक किलो साखर व एक लिटर पाणी उकळून थंड करावे. त्यात एक किलो फोडी रात्रभर झाकून ठेवाव्यात, सकाळी निथळून पटकन एका पाण्यातून काढाव्यात व वर सांगितल्याप्रमाणे वाळवाव्यात. अशा फोडी मऊ व वजनदार होतात. त्यांत बाहेरची साखर शिरल्यामुळे वजनाचा वरील हिशेब त्यांना लागू होत नाही. त्या दाबून व बरणीत ठेवूनच तपासाव्यात. कोल्हापूरचा गूळ हाताशी असला तरी साठवणीच्या मालास गुळाचा पाक वापरू नये. गूळ हवेतील ओलावा ओढतो व पावसाळ्यात फोडी चिकट होतात.

सुकवणे परवडते का?

चार ते पाच किलो ताज्या फोडींपासून एक किलो सुके अंजीर मिळते. त्यामुळे ताज्या फळाला गावात मिळणारा दर साडेचारने गुणावा व त्यात मजुरी, पिशव्या व इंधन मिळवावे. ही रक्कम सुक्या अंजिराच्या दरापेक्षा जास्त होत असेल तर फळे ताजीच विकावीत. जी विकली जात नाहीत किंवा फुटल्यामुळे ज्यांना गिऱ्हाईक नाही, पण जी आतून निरोगी आहेत, अशीच फळे सुकवावीत. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करणे आवश्यक आहे.

घरच्या आहारात सुके अंजीर उपयुक्त आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ, १६० मिलिग्रॅम कॅल्शियम व २ मिलिग्रॅम लोह असते. त्याचबरोबर जवळजवळ निम्मे वजन साखरेचे असते, हे मधुमेही व्यक्तींनी लक्षात ठेवावे. दोन-तीन फळे रात्री पाण्यात भिजवून सकाळी खावीत.

थोडक्यात लक्षात ठेवा

- झाडावर पूर्ण पिकलेले, जमिनीवर न पडलेले फळच घ्या.
- फळ उभे चिरून आतून तपासा, अख्खे वाळवू नका.
- सकाळी चिरा, रात्री घरात घ्या, वळवाआधी सुकवणी उरका.
- एक किलो फोडींचे वजन २५० ग्रॅमच्या वर असताना थांबू नका. रस सुटत असेल तर २०० ग्रॅमपर्यंत वाळवा.
- बरणीत सात ते दहा दिवस पाहून मगच पिशव्या भरा.
- बुरशी दिसल्यास माल पुरा. माणसाला नको, जनावरालाही नको.